पुस्तकातल्या बायकांचे कपडे

माझी बायको पुस्तकातल्या बायकांना कपडे घालायची.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला. हसू दे. आता नीट सांगतो.

मी प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात होतो. डब्यांच्या सीटा शिवायचं काम. आत काथ्या भरायचा, वर कॅनव्हास ताणायचा, त्यावर रेक्झिन, कडेला पाइपिंग, म्हणजे आत दोरी घातलेली पट्टी, आणि मोठ्या मशीनवर डबल शिलाई. रिटायर होईपर्यंत हेच केलं. शाळा सातवीपर्यंत. वाचता येतं, पण माझं एक पान होईपर्यंत चहा गार होतो. बायकोचं उलट. ती मॅट्रिक झालेली आणि वाचण्याच्या बाबतीत हावरट. क्वार्टर्समध्ये एक माणूस सायकलला पुस्तकांची पेटी बांधून यायचा, आठवड्याला दोन पुस्तकं बदलून द्यायचा. बाकीच्या बायका मासिकं घ्यायच्या. ही पेटीत हात घालून सगळ्यात जाड कादंबरी ओढायची.

"कशाची गोष्ट आहे ते तरी बघा, वहिनी," तो म्हणायचा.

"गोष्ट मी बघते. तुम्ही फक्त जाड आणा."

घरी शिलाईचं मशीन होतं. ती क्वार्टर्समधल्या बायकांची ब्लाउज शिवायची. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मशीनवर मी बसायचो, कारण सरळ शिलाईत माझा हात तिच्यापेक्षा बरा होता, हे तिनेही कबूल केलेलं. ती भिंतीला टेकून बसायची आणि मला पुस्तक वाचून दाखवायची. अशी किती ऐकली ते मोजलं नाही. लेखकांची नावं मी विचारली नाहीत आणि तिने सांगितली नाहीत. पण माणसं आठवतात. शेजारची माणसं आठवतात तशी.

वाचता वाचता ती मध्येच म्हणायची, "थांबा." मी पाय उचलायचो.

"ही बाई विहिरीवर चालली आहे. आणि हा लिहितो, तिच्या जरीच्या पदराला वाऱ्याने हेलकावे दिले."

"देऊ दे की. तुझं काय जातं?"

"अहो, जरीचा पदर लावून पाण्याला कोण जातं? हा गृहस्थ जन्मात पाण्याला गेलेला नाही. आणि घरात जी जात होती तिला त्याने विचारलेलं नाही."

"बरं, पुढे वाच."

"आधी हिला बदलते."

मग मशीनखाली पडलेल्या चिंध्यांमध्ये ती हात घालायची. एक तुकडा बघायची, नाकाशी धरायची, टाकायची, दुसरा घ्यायची. पटला की वहीच्या एका पानावर टाचणीने टाचायची आणि खाली लिहायची. एका पानावर एक बाई. पाणी भरणाऱ्या बाईला तिने तपकिरी सुती तुकडा दिला आणि लिहिलं, "काठ काळपट. घोट्याच्या वर चार बोटं. खालची वीत कायम ओली, म्हणून रंग तिथे वेगळा दिसतो." पुस्तकातली मास्तरीण होती, तिच्याबद्दल लेखकाने 'साधी राहणी' एवढंच लिहून हात झटकले होते. ही भडकली. "साधी म्हणजे काय? साधी म्हणजे गबाळी का? इस्त्री होती की नव्हती? फळ्याजवळ उभी राहते तर खांद्यावर खडू नको?" दारुड्याच्या बायकोच्या पानावर लिहिलंय, "चार हुकांतला एक वेगळा. स्वतः लावलेला. दोरा मिळाला त्या रंगाचा."

मी चिडवायचो. "जिवंत बायकांची ब्लाउज पडून आहेत आणि तू कागदावरच्यांना नटवतेस."

"कागदावरच्या फिटिंगची तक्रार घेऊन परत येत नाहीत."

मी परत मशीन चालवायला घ्यायचो.

अशा नऊ वह्या झाल्या. शेजारणींनी त्या कधी बघायला मागितल्या नाहीत. मीही त्याला रिकामपणाचा उद्योग म्हणायचो. तेव्हा मला वाटायचं की हे सगळे करतात, वाचणारे.

ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल. फार हाल झाले नाहीत, एवढं एक बरं. मी तरसालीला मुलाच्या घरी असतो, ती होती तेव्हापासूनच. घर भरलेलं आहे. सून इथलीच, गुजराती आहे, मायाळू आहे, वेळेवर जेवायला घालते. टीव्ही चालू असतो. पण टीव्ही मध्येच थांबून मला "ऐका" म्हणत नाही. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येणार नाही.

तेराव्यानंतर तिच्या साड्या नात्यातल्या बायकांना दिल्या. वह्या कोणी मागितल्या नाहीत. मी त्या माझ्या खाटेखाली ठेवल्या. काही महिन्यांनी उघडल्या तर टाचण्या गंजलेल्या. पानावर गंज, तुकड्यावर गंज. सगळं खाऊन टाकेल हा गंज, असं वाटलं. कारखान्यात आमच्याकडे प्रत्येक कामाच्या कार्डाला रेक्झिनचा नमुना टाचलेला असायचा. काम संपलं की टाचणी काढायची आणि नमुना रंगाप्रमाणे डब्यात टाकायचा. हात त्याच वळणाचे. तीन दुपारी बसून मी सगळ्या टाचण्या काढल्या. तुकडे साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुतले, गच्चीत वाळवले, इस्त्री फिरवली आणि बिस्किटांच्या दोन मोठ्या डब्यांत लावून ठेवले. निळे निळ्यात, लाल लालमध्ये. इतकं चोख काम केलं की बायको असती तर निदान "हं" म्हणाली असती असं मला वाटलं.

काय करून बसलो ते मला नातीने सांगितलं.

नात फॅशन डिझाइन शिकते. म्हणजे शिकत होती, तेव्हा शेवटचं वर्ष चालू होतं. शेवटच्या परीक्षेला त्यांना सहा पोशाख करून मांडावे लागतात, आणि विषय दिला होता की साहित्यातून घ्या आणि आपल्या घरच्या परंपरेतून घ्या. वर्गातल्या निम्म्या पोरींनी मोर आणि राजवाड्याच्या कमानी काढल्या. ही एक दिवस माझ्या खाटेवर येऊन बसली.

"आबा, आजी पुस्तकातल्या बायकांच्या चिंध्या लावायची ना? त्या वह्या आहेत?"

माझी छाती फुगली. वह्या काढल्या, डबे काढले, झाकणं उघडून दाखवली. "बघ. एक डाग सापडणार नाही."

ती पहिली वही उघडून बघत बसली. मग डब्यात बघितलं. मग परत वहीत.

"आबा, कुठला तुकडा कुठल्या पानाचा?"

तोपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता, ही खरी गोष्ट आहे.

"आबा, हे काय केलंत तुम्ही?" पोरगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आजीने लिहिलंय, 'हाच. दुसरा कुठलाही नाही.' हाच म्हणजे कुठला?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर खिडकीजवळ बसायला लागलो. ती पान उजेडात धरायची. टाचणीची दोन भोकं दिसायची. तुकड्यावरही दोन भोकं असायची. भोकांमधलं अंतर जुळतंय का बघायचं. पण टाचण्या सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे एका पानाला पाच-सहा तुकडे जुळायचे. पोरगी कंटाळून टेबलावर डोकं ठेवायची.

"वाच काय लिहिलंय," मी म्हणालो.

"मास्तरीण. 'निळा, पण शाईचा नाही. धुऊन धुऊन आलेला निळा.'"

डब्यात निळे चाळीस तरी होते. मी बोटांनी चाळायला लागलो आणि एक तुकडा हाताला लागला तसा मी हसलोच. तो गार्डच्या बायकोच्या ब्लाउजचा होता. आमच्या समोरच्या क्वार्टरची. त्या दिवशी मी बाही उलटी कापली होती आणि बायको मास्तरणीवर इतकी भडकलेली होती की तिचं लक्षच गेलं नाही. गार्डची बायको नंतर दारात उभी राहून म्हणाली होती, "मला काय दोन डावे हात आहेत?"

"हा घे," मी म्हणालो. "मास्तरीण."

"नक्की?"

"उलट्या बाहीची चिंधी आहे. तिरकी कापलेली बघ. आयुष्यात एकदाच कापली मी तशी."

तिथून गाडी रुळावर आली. कुठल्या दुपारी कुणाचं ब्लाउज माझ्या मशीनवर होतं आणि तेव्हा पुस्तकात काय चाललं होतं, हे मला आठवत होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे आठवत होतं. पाणी भरणारी बाई म्हणजे फिटरच्या आईचा तपकिरी. दारुड्याची बायको म्हणजे भाजीवालीचा. नात लिहून घ्यायची. तिने मला सांगितलं, "आबा, म्हणजे आजीने क्वार्टर्समधल्या बायकांचे कपडे काढून पुस्तकातल्यांना घातले." मी म्हटलं, असं बोलू नकोस बाहेर, बदनामी होईल.

सून यायची आणि उभी राहायची. "पप्पा, जमवानो टाइम थयो. आ बधी बायडीओने हवे उठाडो." जेवायची वेळ झाली, या सगळ्या बायकांना आता उठवा म्हणे. आम्ही त्यांना उठवून डब्यात घालायचो.

नातीने सहा बायका निवडल्या. पाचजणींचे तुकडे लागले. सहावी लागेना.

ही सहावी म्हणजे एका पुस्तकातली आई होती. वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली. मुलीच्या लग्नात ती येते, पण पाहुणी म्हणून, मागच्या रांगेत. लेखकाने लिहिलंय, "ती आली." बास. काय नेसून आली ते नाही. या बाईवर बायकोने तीन पानं भरली होती आणि सगळी खोडली होती. भारी नेसली तर लोक म्हणतील, निर्लज्ज. साधं नेसली तर लोक कीव करतील, आणि कीव तिला नको आहे. पांढरं नको, हिरवं नको. महिनाभर घरात तिचीच चर्चा होती ते मला आठवलं. मी तेव्हा म्हणालो होतो, "नेसू दे काहीही, सगळे नवरीकडे बघतात." त्यावर दोन दिवस माझ्या भाजीत मीठ नव्हतं.

तुकडा काही सापडेना. मला वाटलं माझ्याच हातून गेला. धुताना मोरीत वाहून गेला असेल, गच्चीतून उडाला असेल. मी बिल्डिंगच्या मागे जाऊन गवतात बघून आलो. वॉचमन म्हणाला, "काका, शुं खोवायुं?" काय हरवलं ते मी त्याला काय सांगणार?

मी वर आलो तर नात ते पान खिडकीच्या काचेला लावून उभी होती.

"आबा, हात लावून बघा. भोक नाही."

खरंच नव्हतं. तीन पानांत कुठेच टाचणी लागलेली नव्हती. शेवटच्या पानाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हिला काय द्यावं, मला कळत नाही." मी खुर्चीवर बसलो. तुकडा हरवला नव्हता म्हणून बरं वाटलं. आणि तिला कळलं नव्हतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, म्हणून वाईट वाटलं.

मग कापड आलं, मंगळ बजारात फेऱ्या मारून आणलेलं. नातीने आजच्या पोरींनी घालावेत असे कपडे काढले. मास्तरणीचा गुडघ्यापर्यंत लांब शर्ट, डाव्या खांद्यावर रंग हळूहळू पांढरा होत गेलेला. पाणी भरणाऱ्या बाईचा घागरा, खालची वीत गडद. मला आधी हे पटलं नाही, मी तसं म्हणालोही. पण वहीत लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्या कपड्यात दिसत होतं. पाच पोशाख उभे राहिले, आणि मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावून दाखवायला लागलो. गॅसवाल्यालाही दाखवले.

तेवढ्यात घोळ झाला.

तिच्या कॉलेजच्या मॅडमनी वह्या बघितल्या आणि तिला विचारलं, "कापड आजीने ठरवलं, रंग आजीने, काठ आजीने. तू काय केलंस? बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा हेच विचारतील. दुसऱ्याचं डिझाइन म्हणून नापास केलं तर मी काही करू शकणार नाही." मॅडम वाईट नव्हत्या, खरं तेच बोलल्या.

पोरगी घरी आली आणि मला म्हणाली, "आबा, मी पाटीवर लिहिणार आहे, 'मराठी साहित्य आणि कौटुंबिक वारशातून प्रेरित.' वह्या मांडणार नाही."

"वारसा? ती काय भिंतीवरचं घड्याळ आहे का?"

"आबा, असंच लिहितात."

"लिहू देत. तीस वर्षं त्या बाईने डोकं चालवलं. एका माणसाने तिला विचारलं नाही, मीही नाही. आता पहिल्यांदा चार लोक बघणार, आणि तू तिला वारसा म्हणून गुंडाळतेस?"

"मग काय करू? आजीने केलं लिहू आणि नापास होऊ? डिग्री मला हवी आहे, आबा. आजीला नको आहे."

"तिला कोणी विचारलं होतं का, हवी का म्हणून?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उठून गेली. मला माघार घेता येत नाही, कधीच आली नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही. माझा चहा सूनबाईच्या हातून यायचा. ती म्हणायची, "पप्पा, बेउ सरखा छो." दोघे सारखेच. त्या दोन दिवसांत मी बराच विचार केला. पोरीचं चुकत नव्हतं. चार वर्षं ती सुया टोचून घेत होती, आणि मेलेल्या माणसापायी जिवंत पोरीचं वर्ष घालवणं हे काही शहाणपणाचं नाही. पण मेलेलं माणूस माझं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती सहावा पोशाख घेऊन माझ्यासमोर आली. तो खाटेवर पसरला.

अंगरखा होता, पायापर्यंत लांब. बाहेरून राखाडी खादी, एक टिपका नाही. बाह्या रुंद. मी सवयीने आधी तो उलटा केला, कारण सीट असो की ब्लाउज, मी आतून बघतो. आत अस्तर होतं गर्द वांगी रंगाच्या रेशमाचं, कडेला बारीक जर.

"हे आत कशाला?"

तिने तो अंगावर चढवला आणि सरळ उभी राहिली. राखाडीशिवाय काही दिसत नव्हतं. मग तिने उजवा हात वर केला, मंडपात अक्षता टाकताना करतात तसा. बाही घसरून कोपरापर्यंत आली आणि आतलं रेशीम उलगडलं. हात खाली, की परत राखाडी.

"अक्षता टाकेल तेवढाच वेळ," ती म्हणाली. "बाकी कोणाला दाखवायचं नाही."

मी बाहीची कड चिमटीत धरून बघितली. मग म्हणालो, "कडेला फुगतंय. दोन वेगळी कापडं आहेत, एक ओढतं, एक ढिलं पडतं."

"माहीत आहे. दोनदा उसवलं."

"पाइपिंग घाल मध्ये. सीटला घालतो तशी. आधी पाइपिंग खादीला, मग रेशीम त्यावर, आणि वरून डबल शिलाई."

"तुम्ही घालून द्याल?"

"नाही. मी टाका घातला तर ते म्हणतील आजोबांनी शिवलं. फडक्यावर दाखवतो. तुझं तू कर."

जुन्या चादरीच्या तुकड्यावर मी तिला दाखवलं. तिला ते चौथ्यांदा जमलं. माझ्या कारखान्यात एकेकाला जमायला पंधरा दिवस लागायचे, हे मी तिला सांगितलं नाही. शेफारली असती.

परीक्षेच्या दिवशी मला नेलं, ते सुनेने हट्ट केला म्हणून. वाटेत नातीने शपथ घातली, "आबा, तिथे बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

हॉलमध्ये पोचलो. सहा पोशाख पुतळ्यांना चढवलेले. आणि समोर टेबलावर वह्या. नऊच्या नऊ, उघडलेल्या, तुकडे परत पानांवर, या वेळी टाचणीऐवजी दोऱ्याने टाचलेले. मी पाट्या वाचायला लागलो. मला वेळ लागतो. पहिल्या पाच पाट्यांवर लिहिलं होतं, "ठरवलं आजीने. कापलं आणि शिवलं मी." सहाव्या पाटीवर लिहिलं होतं, "हिला काय द्यावं हे आजीला कळलं नाही. हे मी ठरवलं."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे न बघता पुतळ्यावरच्या कपड्याचा घोळ सारखा करत होती. तो आधीच सारखा होता.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, केस पिकलेले, चष्मा डोक्यावर. मराठी बोलायच्या. त्यांनी वह्या चाळल्या, बऱ्याच चाळल्या, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तेच विचारलं. "पाच तर आजींचेच झाले. सहावा तुझा, हे मी कशावरून मानू? याच नजरेने केलेला दिसतो. आजीच बोलतेय यात."

पोरगी अंगरख्याच्या बाहीची कड चोळायला लागली. मला दिसलं की ही आता रडणार आणि ही बाई कागदावर काहीतरी लिहिणार.

"नाही हो," मी म्हणालो.

परीक्षक बाई वळल्या. "आपण?"

"मी त्या वहीवालीचा नवरा. तो सहावा माझ्या बायकोचा नाही. तिला तो आवडलाच नसता."

"आबा!" नात म्हणाली.

"खरं आहे ते सांगतो. तिने हा बघितला असता तर भांडली असती. म्हणाली असती, 'लपवायचं होतं तर लग्नाला आलीच कशाला? आली आहेस तर अख्ख्या मांडवाला दिसू दे.' माझी बायको काही लपवायची नाही. राग पण नाही. म्हणून तर तिला ही बाई जमली नाही. तीन पानं खोडली, बघा तुम्ही. हे आत रेशीम आणि बाहेर खादी, ही अक्कल या पोरीची आहे. आजीला ही सुचली नसती, आणि सुचली असती तर पटली नसती."

परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. अंगरख्याची बाही उलटी केली. मला बरं वाटलं, आतून बघतात म्हणजे काम कळतं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "ही पाइपिंग कुणाची?"

"रेल्वेच्या सीटची," नात म्हणाली. आवाज फुटला होता. "आबांनी शिकवली. फडक्यावर."

"आबांना आवडला का हा पोशाख?"

नातीने माझ्याकडे बघितलं. मी कधी विचारलं नव्हतं स्वतःला. "मला आवडला," मी म्हणालो. "बायकोशी माझं पटायचंच असं नाही."

त्या हसल्या. हसून त्यांनी तो प्रश्न खोडला की काय केलं ते मला दिसलं नाही, पण पुढच्या प्रश्नाला नात इतकी भराभरा बोलायला लागली की मला सुनेने बाहेर नेऊन बसवलं. निकाल लागला तेव्हा ती वर्गात दुसरी आली. पहिली आलेल्या पोरीने मोर काढला होता. मला मोर पटला नाही, पण ते जाऊ दे.

निकालानंतर तीन दिवस सगळ्यांचे पोशाख लोकांना बघायला ठेवले होते. मी तिन्ही दिवस गेलो. नातीने मला वह्यांच्या टेबलाजवळ खुर्ची दिली, कोणी पानं ओढू नयेत म्हणून. लोक यायचे, फोटो काढायचे, वाकून वाचायचे. कॉलेजच्या पोरी पानावरचं मोठ्याने वाचून हसायच्या आणि मग हसायच्या थांबायच्या. एका पोरीने मला विचारलं, "आजी कुठल्या कॉलेजच्या?" मी म्हटलं, "घरच्या."

शेवटच्या दिवशी नागरवाड्यातल्या एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, काठी, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची साडी. चौथ्या पोशाखासमोर उभ्या राहिल्या. ती एका पुस्तकातल्या वकिलाच्या घरची मोठी सून होती. बायकोने तिला वायल दिलं होतं, पिवळसर, काठ अगदी बारीक. बाईंनी पाटी वाचली, पान वाचलं, आणि काठी आपटली.

"चूक आहे हे."

"काय चूक आहे?"

"मी हे पुस्तक चार वेळा वाचलंय. वकिलाच्या घरची मोठी सून वायलमध्ये? आमच्याकडे वकिली तीन पिढ्यांची. घरात सुद्धा रुंद काठाशिवाय कोणी बसत नसे."

"पुस्तकात काठाचं लिहिलेलं नाही."

"लिहायला कशाला हवं? समजतं ते. तुम्ही वाचलंय का?"

"ऐकलंय. दोनदा. तिला सकाळपासून चुलीपुढे बसवलंय त्या लेखकाने, पंधरा माणसांचा स्वयंपाक. जाड काठ चुलीत जाईल की नाही?"

"बाकीचं तुमच्या बायकोने लिहिलंय ते ठीक. पण हे नाही. बोलवा त्यांना, मी त्यांच्याशीच बोलते."

"ती नाही आता," मी म्हणालो. "माझ्याशी बोला."

बाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी दुसरी खुर्ची काठीने पुढे ओढली, बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं. मग मला सांगा, सणाच्या दिवशी ती काय नेसत होती?"

तो वाद तासभर चालला. शेवटी त्यांनी वायल मान्य केलं. काठ नाही.